पायाखालची गर्दी

भोसरी एमआयडीसीत नोकरी करणाऱ्याला ‘फाइव्ह एस’ शिकवावं लागत नाही. हा जपानी फंडा इथे छोट्या छोट्या वर्कशॉपच्या भिंतींवरही रंगवलेला दिसतो. त्यातला पहिला एस ‘सेइरी’. हवं ते ठेवा, नको त्याला लाल टॅग लावा आणि हलवा. आठवडाभर क्वालिटीत मी तेच करतो. गुरुवारी, म्हणजे आमच्या भागातल्या रविवारी, बेस गिटार वाजवतो. आणि अशाच एका गुरुवारी मी लाल टॅग घेऊन स्वतःच्या पेडलबोर्डसमोर बसलो.

कारण असं, की आमचा ड्रमर नोकरीसाठी बंगळुरूला गेला. उरलो दोघं. गाणारी ती, बेसवाला मी. तिघांचं दोघांत भागवायचं तर लूपर हवाच. पायाने दाबायचा हा छोटा डबा. चार बार वाजवून दाबलं की तो तेच परत परत वाजवत राहतो आणि तुम्ही त्यावर दुसरं काही वाजवायला मोकळे. ही आयडिया काही नवी नाही. १९७०च्या दशकाच्या शेवटी जॅको पास्टोरियस डिजिटल डिले वापरून बेसवर असे सोलो रंगवायचा.

पण माझ्या बोर्डवर लूपर धरून आठ डबे. गिटारपासून अॅम्पपर्यंत नऊ केबल, अठरा जॅक, सगळं एका ओळीत. दिवाळीच्या माळेसारखं, एक सांधा गेला की पुढे सगळा अंधार! पाठीवर बेस, टाकीवर ही पेटी, आणि संध्याकाळचा नाशिक फाटा. सांधे ढिले होणार नाहीत तर काय?

त्यात घूं आवाज. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला जी सूर लागतो तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे स्वस्त अॅडॉप्टरची घरघर माझ्या सुराच्या अगदी मांडीला मांडी लावून बसते. लूपर तीही इमानदारीत रेकॉर्ड करतो. तीन थर चढवले की घरघरही तिप्पट.

पहिला टॅग ऑक्टेव्हरला. तो सूर एक सप्तक खाली नेतो. मोकळी ई तार ४१ हर्ट्झची, तिच्याखाली साधारण २०. कॅफेच्या स्पीकरला ते झेपत नाही, पडदा नुसता फडफडतो. मग कोरस, फ्लँजर वगैरे मंडळी गेली. उरले चार: ट्यूनर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, लूपर. ओव्हरड्राइव्ह ब्लेंडवाला, कारण साधा ओव्हरड्राइव्ह खालचा भरीवपणा खातो आणि ब्लेंडने मूळ सूर त्यात मिसळता येतो.

लूपर सगळ्यात शेवटी. तो आधी असेल तर ओव्हरड्राइव्ह दाबताच लूपमधली स्वच्छ बेसलाइनही चिरडली जाते, सगळाच चिखल. शेवटी असला की प्रत्येक थर आपापला रंग घेऊन राहतो. पहिला थर खालचा. दुसरा बाराव्या फ्रेटच्या वर, नाहीतर दोन हत्ती एका रिक्षात. ठेका हवा तर तारा दाबून नुसती टकटक.

खरी अडचण मात्र वायरिंगची नव्हतीच. ती अंतऱ्यात श्वास घेते, एखादा शब्द जरा जास्त धरते. आमचा ड्रमर ते बघून थांबायचा. लूप कुणासाठी थांबत नाही.

‘‘मग तिथे बंदच कर ना तो,’’ ती म्हणाली, ‘‘तू एकटा वाजव.’’

आता मुखड्याला लूप, अंतऱ्याला बंद. चारच डबे असल्यामुळे पाय न बघता बरोबर पडतो आणि नजर तिच्याकडे राहते. ती मान हलवते, मी सूर सोडतो. त्या मोकळ्या जागी ड्रमरची आठवण जाम येते, ते लूपरला भरता येत नाही.

टॅगवाले डबे विकायला काढले. ऑक्टेव्हर मोशीच्या एका गिटारवाल्या पोराने नेला. गिटारची ई ८२ हर्ट्झची, एक सप्तक खाली नेली की नेमकी ४१, म्हणजे माझीच तार! पैसे मोजताना तो खुशीत म्हणाला, ‘‘दादा, आता आमच्या बँडला बेसवाला नको.’’