ताईची पावती आणि तुझा हप्ता

नाशिक,
डिसेंबर २०२५

चि. मीनल हिस,


तू पाठवलेला तक्ता चष्मा पुसून दोनदा वाचला. वर्षाला एक लाख, दहा वर्षं भरायचे, पुढे पाच वर्षं नुसतं थांबायचं आणि पंधरावं वर्ष संपलं की अठरा लाख. मधे काही बरंवाईट झालं तर दहा लाखांचा विमा. बँकेतल्या त्या मुलाने ताईला समजावलं, की तुमची पंधरा लाखांच्या मुदत ठेवीची पावती आहे तिथेच राहू द्या, तिच्या व्याजातून हप्ता जाईल, खिशाला झळ नाही. वर तुलाही तसाच प्लॅन घ्यायला सांगितलं. आता तू विचारतेस, की विम्याच्या ऑफिसात सगळी नोकरी काढलेली मावशी याला बरं म्हणेल की वाईट. ताईसाठी वाईट म्हणेन. तुझ्यासाठी मात्र थेट नाही म्हणवत नाही.

आधी ते "दहाचे अठरा, म्हणजे ऐंशी टक्के फायदा" बाजूला ठेव. तुझा पहिला लाख तिथे पंधरा वर्षं राबणार आहे, दहावा फक्त सहा. प्रत्येक हप्ता किती वर्षं राबला ते धरून हिशेब केला, की वर्षाचा दर साडेपाच टक्क्यांच्या किंचित वर येतो, ५.६ म्हण. हा आकडा तक्त्यावर कुठेच नाही आणि तो सोडून बाकी सगळं ठळक अक्षरांत आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आयआरआर काढून बघ, पाच मिनिटांचं काम आहे.

आता तेच लाख दरवर्षी मुदत ठेवीत टाकले असं समजू. दर साडेसहा धरू, ताईला ज्येष्ठ नागरिक म्हणून सात. पण ठेवीच्या व्याजावर कर लागतो आणि पॉलिसीचे पैसे करमुक्त मिळतात, हा त्या मुलाचा हुकमाचा पत्ता. खराच आहे, पण कोणाच्या हातात? ताईचं भाऊजींच्या माघारी मिळणारं पेन्शन आणि व्याज मिळून बारा लाखांच्या जवळपासही जात नाही. नव्या करपद्धतीत तिला कर शून्य. तिचे सात टक्के म्हणजे सातच टक्के, आणि पंधरा वर्षांनी होतात सुमारे वीस लाख सत्तर हजार. प्लॅनपेक्षा पावणेतीन लाख जास्त. तू मात्र तीस टक्क्यांच्या टप्प्यात. उपकर धरून कर गेला की तुझ्या साडेसहाचे साडेचारसुद्धा उरत नाहीत; रक्कम होते सोळा लाखांच्या आसपास. म्हणजे प्लॅन तुझ्या एफडीला हरवतो आणि ताईची एफडी प्लॅनला हरवते. कागद एकच आणि माय-लेकींना दोन वेगळी उत्तरं. विकणाऱ्याने हे विचारलंच नाही, कारण त्याला दोघींना एकच वस्तू विकायची होती. आणि "८०सीची वजावट" नव्या पद्धतीत मिळतच नाही, तेव्हा ते ऐकून सोडून दे.

करमुक्तीलाही अटी आहेत. विमा रक्कम वार्षिक हप्त्याच्या निदान दहापट हवी. साठीनंतर काही योजनांत ती कमी असते. ताईच्या कागदावर खरंच दहा लाख लिहिलेत की तो तुझा तक्ता तिला दाखवला, ते तपास. एप्रिल २०२३ नंतरच्या पॉलिसींचे एकूण हप्ते वर्षाला पाच लाखांवर गेले तरी करमुक्ती जाते, पण आपल्या घरात तो प्रश्न नाही.

बरं, एफडीची बाजू घेते आहे म्हणून तिची लंगडी बाजू लपवत नाही. आज मिळणारा दर पंधरा वर्षं कोणी बांधून देत नाही. बँका बहुतेक दहा वर्षांपुढे ठेव घेतच नाहीत. २०२०-२१ मध्ये मोठ्या सरकारी बँकांचे लांब मुदतीचे दर साडेपाचच्या खाली गेलेले ताईने पाहिले आहेत. या वर्षीही रिझर्व्ह बँकेने रेपो दर साडेसहावरून सव्वापाचावर आणला. खात्रीच्या प्लॅनचे ५.६ कमी दिसले तरी ते लिहून दिलेले आहेत, आणि तुझ्या करटप्प्यात त्याला किंमत आहे.

पण आधी पीपीएफ भरतेस का? तिथे ७.१ टक्के, तेही करमुक्त, वर्षाला दीड लाखांपर्यंत. हाच दर टिकला तर तुझ्या दहा हप्त्यांचे सुमारे एकवीस लाख होतात. सरकार दर तिमाहीला दर ठरवतं, त्यामुळे टिकेलच असं नाही, पण एप्रिल २०२० पासून तो हललेला नाही. दीड लाख तिथे गेल्यावर काही उरलं, तर त्या प्लॅनशी बोल.

आता माझ्या जुन्या धंद्याबद्दल. १९५६च्या जानेवारीत आपल्या रोह्याकडच्या चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्री म्हणून आयुर्विमा सरकारकडे घेतल्याचं रेडिओवरून सांगितलं, आणि २४५ लहानमोठ्या कंपन्या-सोसायट्या एकत्र आल्या. त्यानंतर मराठी मध्यमवर्गाने पॉलिसी म्हणजे बचत असंच धरलं. मी त्याला हसणार नाही. मुलीच्या लग्नाला पॉलिसीचा चेक घ्यायला आलेले बाप मी पाहिलेत. त्यांची एफडी असती तर कधीच मोडून मोटरसायकल आली असती. हप्त्याची सक्ती ही या योजनांची खरी कमाई आहे. पण त्याच काउंटरवर तिसऱ्या वर्षी नोकरी गेलेले लोकही येत. पावती मोडली तर अर्धा-एक टक्का व्याज जातं. पॉलिसी सुरुवातीच्या वर्षांत सरेंडर केली तर मुद्दलालाच कात्री लागते. ऑक्टोबर २०२४ पासून नियम सौम्य झाले, एक वर्षाचा हप्ता भरल्यावरही काही परत मिळतं, पण भरलं तेवढं नाही. दहा वर्षं न चुकता भरणं जमेल का, हे त्या ५.६ पेक्षा जास्त महत्त्वाचं.

आणि विमा म्हणशील तर दहा लाख म्हणजे तुझ्या घराच्या कर्जाचा कोपराही नाही. तुला हवा निव्वळ टर्म विमा. तुझ्या वयाला एक कोटीचा हप्ता प्लॅनच्या लाखापुढे अगदी किरकोळ असतो. यंदाच्या २२ सप्टेंबरपासून त्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. ताईला तर विम्याचं कारणच नाही, तिच्या मिळकतीवर कोणी अवलंबून नाही. तिच्या वयाला विम्याची जोखीम महाग, आणि ती किंमत तिच्याच परताव्यातून कापली जाणार. तिला हवे दर तिमाहीला हातात पैसे. पोस्टातली ज्येष्ठ नागरिक योजना ८.२ टक्के देते: पंधरा लाखांचे तिमाहीला तीस हजार सातशे पन्नास. त्रेसष्टाव्या वर्षी औषधपाण्याचं व्याज गोठवून अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अठरा लाखांचं तिने करायचं काय?

मला तर त्या प्लॅनपेक्षा पावतीची काळजी जास्त वाटते. पंधराच्या पंधरा लाख एकाच सहकारी बँकेत आहेत आणि ठेवविम्याचं संरक्षण एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंतच. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा ते एकच लाख होतं, आणि लोकांचे किती हाल झाले ते आपण बघितलं. मुदत संपली की दहा लाख तरी तिथून हलवा.

ताईने सही केलीच असेल तर घाबरू नका. पॉलिसी हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. थोडा खर्च कापून हप्ता परत मिळतो. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. व्याजाचा आकडा वर्षाला लाखावर जातोय, तेव्हा बँकेने त्यातून कर कापू नये म्हणून पंधरा एच फॉर्म भरायचाही राहू देऊ नका.

आणखी एक. बँकेत जाशील तेव्हा पावतीवर नॉमिनी कोण आहे ते बघ. मागे मी विचारलं तेव्हा भाऊजींचंच नाव होतं. या नोव्हेंबरपासून चार जणांपर्यंत नावं देता येतात, तुझं आणि दादाचं घालून घ्या.

तुझी,
मावशी