उतारशाळेचा रक्षक

पोलादपूर
जुलै, लावणीचे दिवस

चि. बेबीस,


तुझा तो भलामोठा मेसेज दोनदा वाचला. फोनवर बोलायला गेलं की तू 'हो मावशी, हो मावशी' करून मोकळी होतेस, म्हणून हे कागदावर.

तू म्हणतेस, सकाळी फोन उघडला की कुठे युद्ध, कुठे पूर, कुठे उपाशी पोरं. आणि आपण मंडळीच्या तरुण संघातर्फे चादरी आणि बिस्किटं वाटून परत यायचं. याने काय होतं? नोकरी सोडावीशी वाटते, प्रार्थनेलाही बसवत नाही. प्रार्थनेचं राहू दे. बसवत नाही तर बसू नकोस, आम्ही इथे बसतोय तुझ्या वतीने. पण 'काय होतं' याचं उत्तर द्यायला पाहिजे.

इथे जुलै आला की माणसं तारखांनी बोलतात. 2005 च्या जुलैत जुई, दासगावच्या दरडी. 2 ऑगस्ट 2016 ला रात्री सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. 28 जुलै 2018 ला आंबेनळी घाटात दरीत कोसळलेली बस. 22 जुलै 2021 ला तळियेची दरड, आणि त्याच पावसात इकडे आमच्या तालुक्यात साखर सुतारवाडी, केवनाळे. तळियेत ऐंशीहून अधिक माणसं गेली. सगळे देह मिळालेसुद्धा नाहीत. तू तेव्हा चिखलात उभी होतीस, तुला मी काय सांगू.

बसचं मात्र सांगते. दापोलीच्या कृषी विद्यापीठातली माणसं, शनिवारची सहल, महाबळेश्वरला निघालेली. 30 जण गेले, एकच वाचला. तो दरीतून वर चढून आला तेव्हा जगाला कळलं. मग पोलादपूर, महाड, महाबळेश्वरची ट्रेकर पोरं दोर घेऊन उतरली. पाऊस, धुकं, निसरडा कडा. खाली आता वाचवायला कुणी उरलेलं नाही, हे त्यांना उतरतानाच उमगलं असणार. तरी रात्र पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा, एकेक देह वर आणत राहिली. तुझ्या हिशोबाने या कामाचा उपयोग शून्य. दापोलीतल्या त्या घरांना जाऊन विचार.

ती पोरं आपल्या मंडळीची नव्हेत, हेही लक्षात घे. प्रभूने लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या वाटसरूचा दाखला सांगितला तेव्हा चांगला माणूस निवडला तोही ऐकणाऱ्यांच्या मंडळीतला नव्हता. याजक गेला, लेवी गेला, थांबला तो शोमरोनी.

लूकचा दहावा अध्याय तुला पाठ आहे, रविवारच्या शाळेत तू त्यातलं गाढव झाली होतीस. पण मला तो घाटाच्या पायथ्याशी राहायला आल्यावर नीट कळला. यरुशलेमाहून यरीहोला जाणारा रस्ता म्हणजे घाटच. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंच आणि यरीहो समुद्राच्याही खाली अडीचशे मीटर. वळणं, कडे, आडोशाला लुटारू. अशा ठिकाणी कुणी पडलेला दिसला तर गाडी न थांबवणारे आपल्याकडेही आहेत, आणि त्यांची कारणंही अगदीच खोटी नसतात.

आता पुढचं बघ. शोमरोन्याने तेल आणि द्राक्षारस ओतून जखमा बांधल्या, जनावरावर घातलं, उतारशाळेत आणलं, रात्रभर सांभाळलं. आणि दुसऱ्या दिवशी तो निघून गेला! त्याचं काम होतं, ते करायला गेला. जाताना दोन दीनार रक्षकाच्या हातावर ठेवले. एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज, ते मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या दाखल्यात आहे. जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला. दाखल्यात कुठेही त्याने लुटारूंचा बंदोबस्त केला असं नाही, धंदा सोडून तिथेच राहिला असंही नाही. आणि प्रभूने याच माणसाकडे बोट दाखवून 'तूही असंच कर' म्हटलं. माझ्या मते तुझा अर्धा थकवा इथला आहे. तू शोमरोनी, गाढव, उतारशाळा आणि लुटारूंचा बंदोबस्त करणारा रोमी शिपाई, सगळं एकटीनेच व्हायला निघालीस.

त्या रक्षकावर मी अजून एकही उपदेश ऐकलेला नाही. पट्ट्या बदलल्या त्याने, पेज भरवली त्याने, परक्या माणसाची घाण काढली त्याने, तीही उधारीच्या शब्दावर. तळियेला पहिल्या आठवड्यात गाड्यांची रांग होती. कपड्यांचे ढीग पावसात कुजले, ते तूच फोटोत दाखवले होतेस. नंतर लोक कंटेनरच्या खोल्यांत राहिले, उन्हाळ्यात पत्रा तापायचा, आणि तेव्हा रस्त्यावर कुणाची गाडी नव्हती. उतारशाळेचं काम तिथून सुरू होतं.

मी मिरजेला नर्सिंग शिकले आणि पुढे कुष्ठरुग्णांच्या वॉर्डात लागले, म्हणून मला हे असं दिसतं. या पोलादपुरातही लेप्रसी मिशनने कुष्ठरुग्णांना सांभाळलेलं आहे, तुझ्या आजीच्या पिढीला ते ठाऊक. मिशनच्या लोकांकडे सुरुवातीला औषध काय होतं? कडू कवठाच्या जातीचं तेल, आपल्या सह्याद्रीत ते झाड आहे; त्याची इंजेक्शनं द्यायची, ती भयंकर दुखायची आणि गुण येईलच असं नाही. मिशन 1874 मध्ये स्थापन झालं आणि कामाची गोळी, डॅप्सोन, 1940 च्या दशकात आली. म्हणजे दोन-तीन पिढ्या निव्वळ जखमा धुऊन म्हाताऱ्या झाल्या. रोग बरा होणार नाही हे माहीत असून धुतल्या.

आम्ही करायचो ते सांगते. कोमट पाण्याच्या बादलीत पाय बुडवून ठेवायचे. कडक झालेली कातडी मऊ पडली की खरबरीत दगडाने हलक्या हाताने घासायची, आणि पाय ओला असतानाच खोबरेल चोळायचं, म्हणजे ओल आत राहते. बोटांच्या बेचक्या बघायच्या. तळव्यावर अंगठ्याने दाबत जायचं. जिथे ऊन लागेल तिथे आत काहीतरी शिजतंय. रुग्णाला दुखत नाही, तीच तर मेख. खिळा घुसला तरी चालत राहतो, गरम चहाचा पेला धरतो आणि बोटं भाजून घेतो. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँडना कोडं पडलं होतं की रात्रीत रुग्णांची बोटं कमी कशी होतात. पहारा ठेवला तर उंदीर कुरतडताना सापडले. मग त्यांनी घरी जाणाऱ्या रुग्णांना मांजर द्यायला सुरुवात केली. सेवेची मोठमोठी भाषणं ऐकून मला झोप येते, पण या मांजराची गोष्ट मी कधीही ऐकेन.

तू म्हणशील, मावशी, मलमपट्टीने कुष्ठरोग गेला का? नाही गेला. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तीन औषधं एकत्र द्यायला सांगितली, बहुविध औषधोपचार, तेव्हा चित्र पालटलं. म्हणून डोंगर का घसरतात, घाटाला धड कठडा का नाही, इशारा वेळेवर का पोचत नाही, हे विचारणारे लोक हवेतच. तुझ्यात ती धमक असेल तर अर्ज कर, ग्रामसभेत उभी राहा, पश्चिम घाटावरचा गाडगीळ समितीचा 2011 चा अहवाल वाच. ते काम सेवेहून हलकं नाही. पण बहुविध औषधं आली त्या दिवशी ती घ्यायला जी माणसं जिवंत आणि पत्त्यावर होती, ती कुणीतरी रोज पाय धुतले म्हणून होती. आणि तो रोग संपलेला नाही, बरं का. 2005 च्या अखेरीस निर्मूलन झालं म्हणून देशाने पाठ थोपटून घेतली तरी महाराष्ट्रात दरवर्षी हजारो नवे रुग्ण सापडतात.

आणखी एक उदाहरण घे. पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेली होती. उपासमार केवढी असते हे त्यांना वर्तमानपत्रातून कळायचं नव्हतं. तरी 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि आणता आल्या तेवढ्या मुली घेऊन आल्या. मुलखात माणसं मरतच होती. केडगावला गेलीस की त्यांनी त्या मुलींना ठेवलं ती जागा बघ आणि मग मला तुझा हिशोब परत मांडून दाखव.

हल्ली माझ्याकडे कुष्ठाचे नाही, साखरेचे पाय येतात. तेही बधिर. वाडीतली एक आजी लावणीला अनवाणी उतरली, काच घुसली, चौथ्या दिवशी वास आला तेव्हा कळलं. या पायांना बादलीत बुडवायचं नसतं, रोज बघायचं असतं फक्त. म्हाताऱ्यांना तळवा दिसत नाही, वाकवत नाही.

तर नोकरी सोडू नकोस, तुझा पगार हे दोन दीनार आहेत. रजा काढ आणि चार दिवस ये. वरंधा घाट पावसात बंद ठेवतात, ताम्हिणीने माणगावला उतर आणि तिथून एस.टी. धर. येताना हातात मावतील असे छोटे आरसे आण, पाच-सहा, दांडीवाले मिळाले तर उत्तम. इथे मिळतात ते फुटके आणि महाग. पायांत बंद चपला घालून ये.

तुझी,
मावशी