तिसरा सिलिंडर

घरातील जुने यंत्र कुरकुरू लागले, की त्याच्याविषयी दोन मते लगेच तयार होतात. एक म्हणते, याचे आयुष्य संपले. दुसरे म्हणते, काहीही करा, पण हे घराबाहेर जाऊ देऊ नका. दोन्ही मतांत आवेश पुष्कळ असतो. यंत्राकडे शांतपणे पाहिलेले मात्र बहुधा कोणीच नसते. २०२४ च्या पावसाळ्यात सांगलीला माझ्या माहेरी नेमके हेच घडत होते, आणि वादाचा विषय होती आण्णांची प्रीमियर पद्मिनी.

ही गाडी आण्णांनी १९८९ मध्ये घेतली. इटलीच्या फियाट ११०० या गाडीच्या परवान्यावर मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार होई; 'पद्मिनी' हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे साधे इंजिन. गिअरचा दांडा सुकाणूलगत. आणि पुढे सोफ्यासारखी सलग बैठक. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तिला सारा देश ओळखत असे. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून निघून गेली. आण्णांच्या पश्चात आमची गाडी आईच्या नावावर झाली. गुडघे दुखू लागल्यापासून त्या सलग बैठकीवर सरकत बसणे तिला सोयीचे वाटते.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. आमची मुदत ऑगस्टमध्ये संपत होती. परिवहन कार्यालयात गाडी नेऊन तपासणी करून घ्यायची, तर गाडी धड चालली पाहिजे. आणि ती तर जूनपासून 'मिसिंग' मारत होती. उभ्या उभ्या इंजिन थरथरे, मागच्या नळीतून एकसारख्या आवाजाऐवजी मधूनच फट् फट् असा खंडित आवाज येई, चढावर ओढ राहत नसे आणि अंगणात कच्च्या पेट्रोलचा वास पसरे. गॅरेजमधील कारागिराने पाच मिनिटे आवाज ऐकून निर्णय दिला : रिंग-पिस्टन गेले, इंजिन खोलावे लागेल, तीस हजारांच्या खाली काम होणार नाही. दादाने हिशेब केला आणि म्हणाला, "त्यापेक्षा भंगारात देऊ." वहिनींचे डोळे भरले. आई मात्र एवढेच म्हणाली, "द्यायची तर देऊ. पण तिला नेमके काय झाले आहे, ते मला कळू दे."

मी शाळेत तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे, आणि त्याआधी आण्णांच्या शेजारी टॉर्च धरून उभे राहण्यात माझे बालपण गेले आहे. आईचे ते वाक्य मला प्रश्नपत्रिकेतील प्रश्नासारखे वाटले. दादाची मुलगी, माझी भाची, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला होती. आम्ही दोघींनी एक वही घेतली आणि कामाला लागलो.

प्रथम प्रश्न नीट मांडला. इंजिनातील प्रत्येक सिलिंडर चार पायऱ्यांनी काम करतो : हवा-पेट्रोलचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, ठिणगीने पेटवणे आणि धूर बाहेर टाकणे. दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरात चारशे आणि चारांत मिळून सोळाशे ठिणग्या पडतात. त्यांतील काही हुकल्या, की त्याला आपण मिसिंग म्हणतो. ठिणगी हुकते किंवा निष्फळ ठरते ती तीन कारणांनी : ठिणगीच दुबळी, मिश्रणच बिघडलेले, नाही तर दाबच अपुरा. कारागिराने यातील तिसरे कारण धरले होते. ते खोटेच असेल असे आम्ही मानले नाही. पण खरे आहे असेही धरून चाललो नाही.

पहिला प्रश्न असा, की दोष चारांचा आहे की एकाचा? या एका प्रश्नाने निम्मे काम होते. कार्बोरेटर, इग्निशन कॉइल, सीबी पॉइंट, कंडेन्सर हे चारही सिलिंडरांना सामाईक आहेत. त्यांच्यात बिघाड असेल, तर चौघेही अडखळतील. एकच सिलिंडर मुका असेल, तर ही सारी मंडळी बहुतांशी निर्दोष ठरतात, आणि संशय फक्त त्या एकाच्या प्लगवर, वायरीवर, डेल्कोच्या टोपणातील त्याच्या खुंटावर किंवा त्याच्या दाबावर राहतो.

गाडी उघड्या अंगणात घेतली, कारण बंद शेडमध्ये इंजिन चालवणे म्हणजे विषारी वायू कोंडून घेणे होय. हँडब्रेक ओढला, गिअर काढला, ओढण्या आणि वेण्या पंख्यापासून दूर बांधल्या. प्लगच्या वायरीत हजारो व्होल्टचा दाब असतो. चालू इंजिनावर तिला हात लावू नये, आणि ज्यांच्या हृदयाला पेसमेकर बसवला आहे त्यांनी तर जवळही थांबू नये. म्हणून आम्ही प्रत्येक वेळी इंजिन बंद करून एका सिलिंडरची वायर काढली, तिच्या टोकाला एक जादा प्लग बसवला, तो प्लग इंजिनाच्या धातूला घट्ट जोडला आणि मगच इंजिन पुन्हा सुरू केले. पहिली वायर काढली, इंजिन अधिकच लटपटले. दुसरी, तसेच. चौथी, तसेच. तिसरी काढली, तेव्हा आवाजात काहीच फरक पडला नाही. जो काम करतच नव्हता, त्याच्या जाण्याने काय बिघडणार? "आत्या, सापडला!" भाची ओरडली. मी तिला म्हटले, "जागा सापडली, कारण अजून सापडायचे आहे."

ही रीत जुन्या, कार्बोरेटरच्या गाड्यांसाठी आहे. नव्या गाड्यांत असे करू नये. न जळलेले पेट्रोल धुराच्या मार्गातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळून टाकते, आणि इलेक्ट्रॉनिक भागांनाही इजा पोहोचू शकते. त्या गाड्यांचा संगणक कोणता सिलिंडर चुकतो, ते स्वतःच नोंदवून ठेवतो.

दुसऱ्या दिवशी प्लग काढून रांगेने वर्तमानपत्रावर मांडले. प्लगचा रंग वाचता येतो. फिकट कॉफीसारखा तपकिरी रंग निरोगी इंजिनाचा. कोरडी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त. पांढरटपणा असेल, तर पेट्रोल कमी किंवा उष्णता जास्त. तेलकट काळेपणा दिसला, की मात्र रिंगांची किंवा व्हॉल्व्हची शंका घ्यावी. आमचे तीन प्लग तपकिरी होते. तिसरा ओला होता, पण तेलाने नव्हे. त्याला पेट्रोलचा वास येत होता. पेट्रोल पोहोचत होते, पेटत नव्हते. कारागिराच्या निदानाला इथे पहिला धक्का बसला.

मग अदलाबदल. तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात. मिसिंग तिसऱ्यातच राहिले, म्हणजे प्लग निर्दोष. वायरींची अदलाबदल केली, तरीही तेच. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, हा नियम आम्ही मोडला नाही. एकदम चार भाग बदलून गाडी सुधारतेही. पण मग कोणत्या भागाने सुधारली ते कळत नाही, आणि तीन चांगले भाग उगाच टाकले जातात.

दाबाची शंका पूर्ण फेडावी म्हणून ओळखीच्या वर्कशॉपमधून मोजणीचे घड्याळ आणले. गरम इंजिन, चारही प्लग काढलेले, कॉइलची जोडणी सोडवलेली, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला; मग स्टार्टरने इंजिन फिरवले. चौरस इंचाला अनुक्रमे १२०, १२२, ११६ आणि १२० पौंड. चारांत दहा टक्क्यांचाही फरक नव्हता. रिंग-पिस्टन सुखरूप होते. ते आकडे मी आईला वाचून दाखवले, तेव्हा ती काही बोलली नाही. फक्त तिने वही हातात घेऊन ते पुन्हा एकदा वाचले.

उरले डेल्कोचे टोपण. एक खूण आमच्या वहीत पहिल्या दिवसापासून होती, तिचा अर्थ आता लागला : सकाळच्या ओलाव्यात मिसिंग जास्त, दुपारच्या उन्हात कमी. पिस्टनला ऊन-पाऊस कळत नाही, विजेला कळतो. रात्री अंगणातील दिवा मालवून इंजिन सुरू केले. तिसऱ्या खुंटापासून टोपण धरून ठेवणाऱ्या धातूच्या क्लिपेपर्यंत निळसर धागा लुकलुकत होता. दिवसा भिंगाखाली पाहिले, तर त्याच वाटेवर शिसपेन्सिलीने ओढावी तशी बारीक काळी रेघ दिसली. धूळ आणि ओलावा साचलेल्या पृष्ठभागावरून वीज झिरपते, ती वाट जळून कोळसा होते, आणि कोळसा स्वतःच विजेचा वाहक असल्यामुळे पुढची ठिणगी प्लगपर्यंत न जाता त्याच सोप्या वाटेने निघून जाते. नुसते पुसून ही रेघ जात नाही. टोपणच बदलावे लागते.

पद्मिनीचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरी कोल्हापुरातील एका जुन्या दुकानात ते टोपण मिळाले, साडेतीनशे रुपयांना. ते बसवले, जुन्याच क्रमाने, म्हणजे एक-तीन-चार-दोन असा क्रम सांभाळून वायरी लावल्या, आणि इंजिन एका सुरात चालू लागले. प्रदूषण तपासणी झाली, परिवहन कार्यालयातील तपासणीही झाली, आणि नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी मिळाली. दादाने स्वतः आईला शेजारी बसवून गाडी घरी आणली.

कारागिराविषयी माझ्या मनात राग नाही. गर्दीच्या दिवसात त्याच्याकडे पाच मिनिटेच होती, आणि जुन्या गाडीबाबत 'इंजिन गेले' हा अंदाज पुष्कळदा खराही ठरतो. आम्हांपाशी त्याच्याहून अधिक ज्ञान नव्हते; अधिक वेळ होता. मोजणीत दाब खरोखर कमी निघाला असता, तर गाडी भंगारात देण्याच्या कागदावर आईने सही केली असती, आणि तीही समाधानाने केली असती, याची मला खात्री आहे. तिला गाडी राखायचीच होती असे नाही. तिला निर्णय माहितीवर घ्यायचा होता.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरी एखादी जुनी गाडी, पंप किंवा शिलाईयंत्र अडखळू लागले, तर टाकावे की ठेवावे याचा वाद थोडा लांबवावा. दोष साऱ्याचा आहे की एका भागाचा, एवढे आधी पाहावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी. घरातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला टॉर्च धरायला शेजारी उभे करावे. माझ्या भाचीने ती वही वसतिगृहात नेली आहे.