आवाज येतोय का?

“बेन, तमे फरो छो के घर फरे छे?”

वापीच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी हे मान वर न करता, लिहिता लिहिता विचारलं. चक्कर येते म्हणणाऱ्या प्रत्येकाला ते हेच विचारत असणार. तुम्ही फिरता, की घर फिरतं? मी तोंड उघडलं आणि तशीच बसून राहिले. आमच्याकडे हा प्रश्न सोपा नाही. डहाणू-तलासरीकडच्या माणसाला हलल्यासारखं वाटलं, तर तो कपाळाला हात लावायच्या आधी छताच्या पंख्याकडे बघतो. पंखा झुलत असेल तर अंगणात पळायचं, नसेल तर डॉक्टरकडे जायचं.

“घर,” मी म्हटलं. मग म्हटलं, “बहुतेक.”

डॉक्टरांनी आता मान वर केली. “क्यांना तमे?”

“डहाणू.”

“अच्छा,” म्हणाले आणि हसले. त्यांना कळलं.

डॉक्टरच्या खोलीत हसणारा माणूस मला आवडतो. आधीच्या आठवड्यात मी ज्या डॉक्टरांना दाखवलं होतं ते मोबाइलच्या पडद्यात चौकटीएवढे होते. सहा मिनिटांची वेळ, त्यातली दोन ‘आवाज येतोय का?’ ‘हो, येतोय, माझा येतोय का?’ यातच गेली. उरलेल्या चारांत अशक्तपणा, कामाचा ताण, पाणी भरपूर प्या आणि तीन गोळ्या. चूक त्यांची तरी कशी म्हणू? डोकं हलवल्यावर माझे डोळे काय करतात हे त्या चौकटीत दिसत नव्हतं, आणि मलाही ते सांगायचं सुचलं नाही.

गंमत म्हणजे माझी नोकरीच आजारांची आहे. आरोग्यविम्याचे दावे तपासायचे. आठवड्यातले तीन दिवस घरून, दोन दिवस अंधेरीला. डहाणूची लोकल 2013च्या एप्रिलमध्ये सुरू झाली तेव्हा आमच्याकडे सण झाल्यासारखं वाटलं होतं. आता विरारला गाडी बदलताना सण वगैरे काही आठवत नाही. दिवसभर माझ्या पडद्यावरून दुसऱ्यांची दुखणी जातात, आणि प्रत्येक दुखण्याला एक आकडा असतो. जागतिक आरोग्य संघटनेची ती यादी आता जवळजवळ पाठ झालीय. एच 81.1 हा आकडा मी शेकडो वेळा पाहिला असेन. बिल, सही, शिक्का, पुढे. त्या आकड्याच्या आत बसलेल्या माणसाला पहाटे कुशीवर वळल्यावर कपाट, खिडकी, देव्हारा, सगळं एका बाजूला वाहून जाताना दिसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तोच आजार लिहिला. मी मनातल्या मनात आकडा टाकला आणि स्वतःची फाइल पुढे ढकलली.

(त्याच यादीत एक्स 34 असाही आकडा आहे. भूकंपात सापडलेला माणूस. तो मात्र माझ्या पडद्यावर अजून एकदाही आलेला नाही.)

तर कानात दाणे असतात. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. कानाच्या अगदी आत पाण्याने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या; गवंड्याकडे पातळी बघायला पाण्याची पारदर्शक नळी असते ना, तशाच. शेजारी एका गादीवर चुन्याचे बारीक बारीक दाणे बसलेले. खडू आणि शिंपले ज्याचे होतात त्याच कॅल्शियम कार्बोनेटचे. वय झालं, डोक्याला मार बसला, किंवा काहीच कारण नसलं तरी ते सुटतात आणि नळीत घरंगळतात. मग मान जरा वळवली की आतलं पाणी खोटी बातमी देतं: जग फिरतंय. डोळे बिचारे त्या बातमीवर विश्वास ठेवून धावत सुटतात.

दाणे म्हटल्यावर मला भगत आठवला. वारल्यांचा भगत तांदळाचे दाणे टाकून दुखणं बघतो. मी लहानपणी तलासरीजवळच्या एका पाड्यावर ते पाहिलंय. दाणे नव्हेत, माणूस बघत होता तो. बराच वेळ. मी भगताची वकिली करत नाही, सर्पदंशाला त्याच्याकडे नेऊन उशीर झालेली माणसं माझ्या आत्याने पाहिलीत. पण सहा मिनिटांपेक्षा तो जास्त वेळ बघायचा, एवढं खरं.

डॉक्टरांनी मला झटकन आडवं केलं, मान एका बाजूला वळवून, डोकं खाटेच्या कडेखाली लोंबेल असं. खोली सुटली. त्यांनी स्वतःचा मोबाइल माझ्या डोळ्यांसमोर धरून चित्रण केलं. मग शांतपणे मोजत मोजत माझं डोकं एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला वळवलं, कूस वळवली, उठवून बसवलं. पिशवीतल्या एका कोपऱ्यात अडकलेला साबुदाणा हलवून हलवून तोंडाशी आणावा, तसं. संपलं. गोळी नाही. या वळवण्याला एप्लीचं नाव आहे. हे पोर्टलंडचे जॉन एप्ली. 1980च्या सुमारास ते ही युक्ती दाखवत फिरत होते, तर सहकाऱ्यांनी हसण्यावारी नेलं. निबंध छापून यायला 1992 उजाडलं. इतकं फुकटचं औषध कोणाला खरं वाटणार? आणि ही जागा बदलली की येणारी चक्कर 1921मध्ये ज्यांनी आधीच वर्णून ठेवली होती, त्या रॉबर्ट बारानींना कानाच्या तोलाबद्दलच्या कामाचं 1914चं नोबेल जाहीर झालं, तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते. तोल हा विषय ज्यांनी ज्यांनी हातात घेतला त्यांचं काही ना काही कलंडलंच.

मोबाइलवर त्यांनी मला माझेच डोळे संथ करून दाखवले. बुबुळं एका बाजूला हळूहळू सरकत होती आणि झटक्याने परत येत होती. सरक, झटका. सरक, झटका. मला कागदावरून धावणारा भूकंपमापकाचा काटा आठवला.

आणि म्हणून आता आत्या.

धुंदलवाडीला माझी आत्या राहते. निवृत्त नर्स. चौतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात काढली, त्यातली बरीचशी पायी, पाड्यापाड्यावर. 2018च्या नोव्हेंबरात तिकडची जमीन हलायला लागली आणि थांबेना. मोठे धक्के नव्हेत, लहान लहान, उथळ. पण रोज, कधी दिवसातून चार-पाच. आणि त्यांना आवाज होता. सुरुंग उडवल्यासारखा, जमिनीच्या पोटातून. आवाज आधी, मग हलणं, इतकं लागोपाठ की आवाजानेच हलल्यासारखं वाटायचं. पावसाचं पाणी खडकांच्या भेगांत उतरतं आणि आतला दाब बदलतो, अशी एक मांडणी शास्त्रज्ञांनी केली आहे. हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने येऊन यंत्रं बसवली. प्रशासनाने तंबू दिले. शाळा उघड्यावर भरायला लागल्या. जुनी कुडाची घरं, कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपलेली, नुसती कुरकुरायची. नव्या विटांच्या घरांना मात्र कोपऱ्यातून भेगा गेल्या. आत्याचं घर विटांचं. “किल्लारी दगडांनी मारली,” ती म्हणायची, “मी अंगणातच झोपणार.”

जानेवारीतल्या एका शनिवारी मी तिच्याकडे राहायला गेले. अंगणात तीन खाटा, वर ताडपत्री, बाजूला शेकोटी. थंडी चांगलीच होती. जेवणं झाली आणि आजूबाजूची माणसं एकेक करून यायला लागली. बाई, जरा बघ. डोकं गरगरतं. छातीत धडधडतं. हात कापतो. आत्याने खाटेखालून बीपीचं मशीन काढलं, पाऱ्याचं, पत्र्याच्या पेटीतलं, आरोग्य केंद्रातून निवृत्त होताना स्वतःच्या पैशांनी घेतलेलं. पट्टी बांधायची, रबराचा फुगा दाबायचा, कोपराच्या खोबणीत नळी लावायची आणि पारा हळूहळू उतरवत कान द्यायचा. आवाज आला, वरचा आकडा. आवाज गेला, खालचा. हे आवाज ऐकायची रीत कोरोत्कोव्ह नावाच्या रशियन शल्यचिकित्सकाने 1905मध्ये जेमतेम पानभर मजकुरात सांगून टाकली. आत्याला त्याचं नाव माहीत नव्हतं. मी सांगितलं तर म्हणाली, “बरं केलंन. लांबण लावली असती तर कुणी वाचलं नसतं.”

मी बॅटरी धरून बसले होते. सगळ्यांचं बीपी चढलेलं. विशीतल्या पोरांचंसुद्धा. आत्या कोणालाच गोळी देत नव्हती. आधी विचारायची, जेवलास का? मग, रात्री झोपतोस का? मग, घरात कोण आहे? आणि हे सगळं होईपर्यंत पट्टी दंडावर तशीच. मग पुन्हा मोजायची, तर बऱ्याच जणांचा आकडा दहा-पंधरांनी खाली आलेला. दावे तपासणारी मी, मला वाटलं, या दुसऱ्या मोजण्याचं बिल कसं लावायचं?

साडेअकराच्या सुमारास एका म्हाताऱ्या बाबाच्या दंडाला पट्टी होती. आत्याच्या कानात नळ्या. पारा दीडशेच्या आसपास. आणि पारा नाचायला लागला. नाडीबरोबर पारा हलका उसळतो, ते मी तासभर पाहत होते. हे तसं नव्हतं. थरथर होती. आत्याने एक हात वर केला, गप्प. तेवढ्यात आवाज आला, खाटा कुरकुरल्या, कुत्री भुंकली आणि झालं. पाच सेकंदही नसतील. बाबा आत्याकडे बघत होता.

“माझं का?” त्याने विचारलं.

“नाही बाबा. जमिनीचं.”

“मंग माझं किती?”

तिने पुन्हा फुगा दाबला.

मोजलेलं सगळं ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहायची. दुधाचे खाडे लिहितात त्याच चौकटींत. म्हणजे एका चौकटीत ‘दूध नाही’, खाली धक्क्याची वेळ, त्याखाली दोघातिघांचे आकडे. वही का नाही केली विचारलं, तर म्हणाली, वही आत कपाटात राहते, आत कोण जाणार?

1 फेब्रुवारीला शुक्रवार होता. त्या दिवशी धक्क्यांमागून धक्के बसले, त्यातला दुपारचा 4.1चा. मी अंधेरीत मीटिंगमध्ये. बाहेर पळताना पडून त्या भागातली एक लहान मुलगी दगावली. ते कळल्यावर मी आत्याला फोन लावत राहिले. लागला तेव्हा तिकडून नुसता गलका, आणि इकडे मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ओरडतेय, आवाज येतोय का, आत्या, आवाज येतोय का?

नंतर ते पान मी पाहिलं. त्या दिवसाच्या चौकटीत फक्त वेळा आहेत, एकाखाली एक. आकडा एकही नाही. आत्या पळाली होती. मशीन खाटेवरून पडलं, काच फुटली, अंगणभर पारा. पोरं चांदीचे मणी वेचायला धावली तशी ती ओरडली, हात लावू नका रे, विष आहे ते. आणि दोन पोस्टकार्डांनी थेंबाला थेंब मिळवत तिने तो गोळा केला. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत भरला, बूच मारलं, वरून मेण ओतलं.

बाटली अजून तिच्या कपाटातल्या काचेमागे आहे, गणपतीशेजारी. पाच वर्षांमागे मुलाने तिला बोलणारं डिजिटल मशीन आणून दिलं. ते हिंदीत आकडे सांगतं. आत्या त्याला उत्तरं देते. पण भोवळ आल्यासारखी वाटली की ती आधी बाटलीकडे बघते. पारा गप्प असेल तर खाली बसते, पाणी पिते.

परवा फोनवर तिला कानातल्या दाण्यांचं सगळं सांगितलं. डॉक्टरांनी मला ती मान वळवायची युक्ती घरी करायला शिकवलीय, हेही. पहिल्यांदा केली तेव्हा काय झालं तेही सांगितलं: मी पलंगावर झटकन मागे आडवी झाले, आणि मनगटावरचं घड्याळ थरथरून विचारायला लागलं, तुम्ही जोरात पडलात का? मदत बोलवू का? घर फिरतंय, डोकं लोंबतंय आणि एका हाताने मी घड्याळाला ‘मी ठीक आहे’ सांगायचा प्रयत्न करतेय. हेच घड्याळ विरारच्या गाडीत दीड तास दांडीला लटकून उभी असताना सांगतं, बराच वेळ बसला आहात, जरा उभे राहा. त्याला मी शहाणं समजत नाही. काढूनही ठेवत नाही. साडेचार हजार पडलेत.

आत्या खूप हसली. मग म्हणाली, “सोमवारी ऑफिस?”

“घरूनच. नऊ वाजता मीटिंग.”

“मान सरळ ठेव. आणि जेवलीस का?”

मीटिंगला मी दोन उश्यांना टेकून, मान ताठ धरून बसले. सगळ्यांना वाटलं मी रागावलेय. अकरा चौकटी, अकरा चेहरे, कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी. साहेब नव्या लक्ष्याबद्दल बोलत होते आणि मधेच थांबले. पडदा गोठला. दारातून चिकूच्या करंड्या भरलेला टेम्पो गेला, खिडकीची तावदानं हलली, मी पंख्याकडे बघितलं. पंखा नीट होता.

“आवाज येतोय का?” साहेब विचारत होते. “कोणाला आवाज येतोय का?”