सर, स्टँड!

दुचाकीवरून निघालेल्या माणसाला रस्त्यात कोणी नाव विचारीत नाही की गाव विचारीत नाही. पण तोच माणूस गाडीचे स्टँड वर न घेता निघाला, की सारे गाव त्याचे नातेवाईक होते. पानठेल्यावरचा गृहस्थ तोंडातला विडा सांभाळीत ओरडतो, समोरून येणारा अनोळखी इसम हाताने खाली खुणा करतो, आणि डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाईदेखील थांबून म्हणते, "अहो भाऊ, तुमचं स्टँड!" राजूरहून वणीला महाविद्यालयात शिकवायला जाताना ही आरोळी मी इतक्यांदा ऐकली आहे, की माझे विद्यार्थी मला नमस्काराऐवजी "सर, स्टँड!" म्हणू लागले तरी मला त्यात वावगे वाटणार नाही.

विसराळूपणाचे समर्थन करण्याची कला प्राध्यापकाच्या अंगी उपजतच असते. त्यामुळे 2017 सालच्या जुलै महिन्यात वर्तमानपत्रात एक बातमी वाचली, तेव्हा मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! 22 जुलैला कलकत्त्याहून मुंबईला निघालेले एअर इंडियाचे विमान चाके पोटात न घेताच उडत राहिले होते. वैमानिक चाके वर घ्यायला विसरले होते! नव्याण्णव प्रवासी घेऊन ते विमान निम्मा देश ओलांडून आले. उघड्या चाकांना वारा अडत होता, वेग मिळत नव्हता, इंधन भराभर संपत होते; आणि असे का होते आहे, ते काही केल्या उमगेना. शेवटी मुंबईचा नाद सोडून ते आमच्या नागपूरला वळले. उतरण्यापूर्वी चाके खाली सोडावीत म्हणून दांड्याला हात घालतात, तो काय, ती आधीपासूनच खाली!

मी ती बातमी बायकोला मोठ्याने वाचून दाखवली. "ऐकलंस? विमानाचंसुद्धा स्टँड राहतं!"

"त्यांना नागपूरला उतरता तरी आलं," ती म्हणाली, आणि भाजी चिरू लागली.

बायकांच्या बोलण्यात पुष्कळदा भविष्य असते. त्यानंतर दोन वर्षांनी, पावसाळ्यातल्या एका सकाळी, मी लेकीला वणीला शाळेत सोडायला निघालो. ती तेव्हा बारा वर्षांची होती. आदल्या दिवशी एका बैठकीत मला कोणी तरी टोचून बोलले होते, आणि तिथे न सुचलेले उत्तर आता गाडीवर सुचत होते. फार सुंदर जमत होते हो ते उत्तर! मागून लेक म्हणाली, "बाबा, स्टँड." मी "हं" म्हटले. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "बाबा, तुमचं स्टँड खाली आहे." उत्तराचे शेवटचे वाक्य नेमके त्याच वेळी जुळत होते. मी म्हणालो, "किती बोलतेस गं! जरा गप्प बैस."

ती गप्प बसली.

डावीकडच्या वळणावर गाडी कलली, स्टँड रस्त्याला टेकले आणि आम्ही दोघे फेकले गेलो. मागे कोळशाचा ट्रक होता. तो कसा थांबला ते मला ठाऊक नाही; त्याचे पुढचे चाक मात्र मला अजून दिसते. मला खरचटले. लेकीच्या मनगटाचे हाड मोडले.

माझे वडील राजूरच्या कोळशाच्या खाणीत जमिनीखाली काम करून निवृत्त झालेले. त्या रात्री प्लास्टर घातलेला हात उशीवर ठेवून ती झोपली, तेव्हा ते माझ्यापाशी येऊन बसले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "पोरीनं सांगतलं होतं ना?"

लहानपणी मी त्यांच्याकडून छताच्या गोष्टी ऐकल्या होत्या. खाणीत वरच्या दगडाला लाकडी टेकू दिलेले असतात. दगड खाली येऊ लागला की आधी लाकूड करकरते. "लाकूड बोललं, की आपण नाही बोलाचं. पाय उचलाचा," असे ते म्हणत. तो आवाज कालच्या नव्या पोराने ऐकला की तीस वर्षांच्या जुन्याने, हे कोणी विचारीत नसे. मागाहून तो फुसका ठरला, तरी कोणी त्या पोराला हसत नसे.

त्यानंतर विमानाच्या बातम्या मी वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागलो. 22 मे 2010 रोजी मंगळूरला एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टी ओलांडून दरीत कोसळले. 166 पैकी 158 माणसे गेली. विमान फार उंचावरून, फार वेगाने येत होते. यंत्र सावध करीत होते, आणि शेजारचा सहवैमानिक, हुद्द्याने लहान, उतरणे सोडून पुन्हा वर चला म्हणून सांगत होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा सांगत होता. बरोबर दहा वर्षांनी, 22 मे 2020 रोजी, कराचीला पाकिस्तानच्या एका विमानाने चाके पोटात असतानाच धावपट्टीला अंग टेकले. नियंत्रकाने आधीच उंची जास्त असल्याचे सांगितले होते. जमेल, असे उत्तर मिळाले होते. इशाऱ्याचे आवाज चालू होते. इंजिने घासत गेल्यावर ते पुन्हा उडाले, पण ती इंजिने बंद पडली आणि विमान वस्तीवर कोसळले. 99 पैकी दोघे वाचले.

तुम्ही म्हणाल, एवढा भोंगा कानाशी वाजतो आणि माणसाला ऐकू येत नाही? वैमानिकांमध्ये एक जुना विनोद सांगतात. चाके न सोडता पोटावर उतरलेल्या एका वैमानिकाला विचारले, "मनोऱ्यावरून आम्ही ओरडून सांगत होतो, ऐकलं का नाही?" तो म्हणाला, "कसं ऐकणार? आत तो भोंगा केवढ्यानं वाजत होता!" पूर्वी मी या विनोदाला हसलो असतो. आता मला ठाऊक आहे, की कान उघडे असतात. आत कोणी तरी सुंदर उत्तर जुळवीत बसलेले असते.

नागपूरचीच आणखी एक गोष्ट आहे. 6 मे 2021 रोजी तिथून एक रुग्णवाहू विमान उडाले आणि उडताना त्याचे एक चाक निखळून पडले. विमानतळावरच्या एका सुरक्षा जवानाला ते दिसले. त्याने कळवले, वरच्यांनी ऐकले. मुंबईच्या धावपट्टीवर फेस पसरून ठेवला गेला, विमान पोटावर उतरले, आणि रोग्यासह पाचही माणसे सुखरूप बाहेर आली. त्या जवानाला 'तू आपले फाटक सांभाळ' असे कोणी म्हटले नाही, हे मला त्या बातमीत सगळ्यात मोठे वाटते.

लेकीचे मनगट सहा आठवड्यांत जुळले. ती पुन्हा माझ्यामागे बसू लागली. पण मला काही सांगेनाशी झाली. बसण्याआधी वाकून स्टँड स्वतः पाही आणि मुकाट्याने बसे. गतिरोधक आला तरी अक्षर नाही, समोर गाय आडवी आली तरी नाही. मीच मोठ्याने म्हणे, "स्टँड वर आहे बरं का!" त्यावर ती "हो" म्हणे, तेही न म्हटल्यासारखे. तिला मी किती तरी वेळा सांगितले, की माझे चुकले. ती म्हणे, "जाऊ द्या ना, बाबा." अशी कित्येक महिने आमची गाडी गुपचूप वणीला गेली.

मग एका सकाळी, चुन्याच्या भट्ट्या मागे टाकून आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो होतो. मागून आवाज आला, "बाबा, इंडिकेटर."

मी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. इंडिकेटर खरोखरच चालू राहिला होता. तो बंद करायला मला जरा वेळ लागला.

"चला ना, बाबा," ती म्हणाली, "शाळेला उशीर होतोय."