हाडं शोधली कुणी?

भाचीकडे इंग्लंडला गेलो होतो, तेव्हा तिनं मला डॉर्सेटच्या किनाऱ्यावरच्या लाइम रीजिस या गावी नेलं. गाव छोटं, संग्रहालयही छोटंच; समुद्राला खेटून उभी असलेली विटांची इमारत. जीवाश्म शोधणाऱ्या मेरी अ‍ॅनिंगचं घर याच जागेवर होतं.

मेरीचा जन्म १७९९चा. सुतारकाम करणारे वडील कड्यांतले जीवाश्म काढून प्रवाशांना विकत. १८१० मध्ये ते कर्ज मागे ठेवून गेले. पुढच्या वर्षी भाऊ जोसेफला एक लांबलचक कवटी सापडली; १८१२ मध्ये मेरीनं त्याच प्राण्याचा सांगाडा हुडकला. तो इक्थिओसॉर होता, म्हणजे समुद्रात राहणारा प्राचीन सरीसृप. हिवाळी वादळांत कडे ढासळले की नवे जीवाश्म उघडे पडत, म्हणून ती ऐन गारठ्यात बाहेर पडे. १८३३ मध्ये अशाच एका दरडीखाली तिचा कुत्रा गेला, ती थोडक्यात वाचली.

कपाटांत अ‍ॅमोनाइट मांडलेले होते, म्हणजे गुंडाळलेल्या शंखांतले प्राचीन समुद्री जीव. भाची म्हणाली, "मामा, हे तर आजीच्या देवघरातले शाळिग्राम!" बरोबरच होतं तिचं. गंडकी नदीतले शाळिग्राम म्हणजे अ‍ॅमोनाइटचेच जीवाश्म. सह्याद्रीचा दगड लाव्हारसाचा, त्यात ते मिळायचे नाहीत. इथले कडे मात्र सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाच्या गाळाचे.

मी सर्वांत जास्त रेंगाळलो ते एका टेबलापाशी. वर दगडांचे गुळगुळीत काप बसवलेले, प्रत्येकाच्या पोटात वेगळी नक्षी. माहिती वाचली आणि हसू फुटलं. ती सगळी अश्मीभूत विष्ठा होती! टेबल ऑक्सफर्डच्या विल्यम बकलंड यांचं. सांगाड्यांच्या पोटात मिळणारे असले दगड फोडले की आत माशांची हाडं नि खवले निघतात, हे मेरीच्या ध्यानात आलं होतं. ती विष्ठा असल्याचं १८२९ मध्ये विद्वानांपुढे मांडलं ते मात्र बकलंड यांनी.

पहिल्या इक्थिओसॉरवर १८१४ मध्ये शल्यविशारद एव्हरार्ड होम यांनी निबंध वाचला, त्यात मेरीचा उल्लेखही नव्हता. लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीनं स्त्रियांना सभासद करून घेतलं ते १९१९ मध्ये. मेरी १८४७ मध्येच वारली होती. गावात तिचा पुतळा उभा राहायला २०२२ उजाडलं.

कुठलंही संग्रहालय पाहायला जाल तेव्हा वस्तूखालची पाटी नीट वाचा. वस्तू कुणी भेट दिली हे बहुधा लिहिलेलं असतं. कुणी शोधली हे लिहिलेलं नसेल, तर तिथल्या माणसांना जरूर विचारा.