हिरवा साप बरणीत बरा की फांदीवर?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सोनिवलीतला सातवीतला एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. बोटावर बारीक ओरखडे, किंचित सूज. आईने पिशवीतून प्लॅस्टिकची बरणी काढून टेबलावर ठेवली. आत वेलीसारखा सडपातळ, हिरवागार साप!

"चार दिवस घरात होता हा. मला आज कळलं," ती रडवेली झाली होती. मुलगा मात्र शांत. "डॉक्टरकाका, हरणटोळ आहे. मी पाळणार आहे."

टोकदार तोंड, डोळ्यांत आडवी बाहुली. होता हरणटोळच. तो झाडाझुडपांत राहतो, सरडे-बेडूक खातो. झाडावरून उडी मारून टाळूला चावतो, हा निव्वळ गैरसमज. त्याचं विष सौम्य असतं, माणसाला सहसा थोडी सूज आणि दुखणं एवढाच त्रास होतो. जखम साबणाने धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, थोडा वेळ बसवून ठेवलं.

तरीही मी आतून हादरलो होतो. आपल्या सह्याद्रीत झाडावर राहणारा आणखी एक हिरवा साप आहे, चापडा. त्रिकोणी डोकं, उभी बाहुली. तो चावला तर खूप वेदना आणि सूज येते, कधी रक्त गोठण्याची क्रियाही बिघडते. सर्पविषावरचं आपल्याकडचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषासाठी बनवलेलं आहे. चापड्यावर त्याचा भरवसा धरता येत नाही. पानांतून हात घालणाऱ्या पोराला बाहुली आडवी की उभी, हे दिसणार कसं?

पण भीती घालून मुलं ऐकत नाहीत. म्हणून मी त्याला माझी गोष्ट सांगितली. त्याच्याच वयाचा असताना मीही हरणटोळ बरणीत ठेवला होता. झाकणाला भोकं पाडली, वाटीत दूध ठेवलं. सहाव्या दिवशी तो मेला. कुणाला न सांगता परसात पुरला.

"आजारी होता?" मुलाने विचारलं.

"नाही रे. उपाशी होता. साप दूध पीत नाहीत, हे मला माहीत नव्हतं."

तो बराच वेळ बरणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सोडूया." आम्ही वनविभागाच्या 1926 क्रमांकावर फोन केला.

पालकांनो, लक्षात ठेवा. आपल्याकडचे वन्य साप पकडणं, पाळणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेलाचे जंतू पसरतात. त्यातून जुलाब-ताप होतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा धोका जास्त.

साप चावलाच तर चावलेला भाग हलवू नका. करकचून बांधू नका, चिरू नका, विष चोखू नका. साप पकडून आणण्यात वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. साप "बिनविषारी" आहे, हे घरी ठरवू नका.

आणि मुलाने घरी साप आणलाच, तर आधी ओरडू नका. आधी त्याचे हात बघा.